मॅच संपेना, ताट निवून गेले

साखरखेर्ड्यात आणि आसपासच्या खेड्यांत हल्ली चार आयाबाया एकत्र बसल्या की बोलणे पिकापाण्यावरून, मजुरीवरून फिरत फिरत पोराच्या मोबाईलवर येऊन थांबते. पोरगे जेवायला उठत नाही. हाक मारली तर "थांब ना माय, मॅच चालू हाय" म्हणते. फोन ओढून घेतला तर अंगावर धावून येते. बापाची तक्रार वेगळी. खात्यातले दोनशे रुपये गेले, कुठे गेले ते घरात कोणी सांगत नाही. ज्या घरात दोनशे रुपये कमवायला दिवसभर उन्हात निंदण करावे लागते, त्या घरात ही गोष्ट लहान नाही. म्हणून या वेळी आम्ही व्हिडिओ गेम हा विषय घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतो. खेळ म्हणजे पाप नव्हे. आपणही विटी-दांडू खेळलो, गोट्या खेळलो, सागरगोटे खेळताना कितीदा आईची हाक ऐकली नाही. व्हिडिओ गेम हा त्याच खेळाचा यंत्रयुगातला भाऊ आहे. १९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीने ‘पाँग’ हा पडद्यावरचा चेंडूफळीचा खेळ काढला. १९८० साली जपानमधून ‘पॅक-मॅन’ आला. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह या संगणक अभियंत्याने ‘टेट्रिस’ बनवला, जो आजही जगभर खेळला जातो. नव्वदच्या दशकात आपल्याकडे शहरांत व्हिडिओ गेमची पार्लरे निघाली, आणि वरून पडणाऱ्या विटा रचण्याचा सेलवरचा गेम पोरांच्या हातात आला. त्या काळीही आईबाप ओरडत होतेच. पण त्या खेळांना एक शेवट होता. खिशातले नाणे संपले की खेळ संपे, दुकानदार शटर ओढी, सेल उतरत. आजच्या खेळाला शटर नाही. खरी गोम इथे आहे.

हे घडले कसे? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले. २०१८ मध्ये ‘पबजी मोबाईल’ हा गेम आला. मग २०२० ची टाळेबंदी लागली. शाळा बंद झाल्या आणि मोबाईलवर भरू लागल्या. कोणी हप्त्यावर, कोणी उसनवारी करून फोन घेतला, कारण पोराचे शिक्षण थांबू नये. सोयाबीनच्या सोंगणीला, कापूस वेचायला मायबाप पहाटे निघून गेले. घरात राहिला मुलगा आणि त्याच्यासोबत फोन. शाळेसाठी आलेला फोन शाळा उघडल्यावर परत गेला नाही. यात त्या मायबापांचा दोष आम्ही काढणार नाही. ज्याला मजुरीवर जावेच लागते, त्याला लेकरावर पहारा ठेवता येत नाही.

आता हा खेळ चालतो कसा, ते मायबापांनी समजून घ्यावे. पबजीच्या जातीच्या गेममध्ये शंभर खेळाडू छत्रीने एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो किंवा जी टोळी जिवंत राहील ती जिंकते. पुष्कळदा चौघांची टोळी असते. एक डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो. मध्येच उठले तर सोबतचे तिघे अडचणीत येतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याची टर उडवतात. तेव्हा पोरगा "आता उठता येत नाही" म्हणतो ते खोटे नसते. भांडण कमी करायचे असेल तर डाव सुरू होण्याआधी सांगावे की हा एक झाला की फोन खाली. डाव चालू असताना हिसकावून घेण्यापेक्षा हे सोपे पडते.

दुसरी गोष्ट पैशाची. हे गेम फुकट मिळतात, मग कंपन्यांचे पोट भरते कशावर? रोज हजेरी लावली की बक्षीस आणि एक दिवस चुकला की नुकसान, अशी मांडणी त्यांत असते. मग सुरू होते दुकान. ‘फ्री फायर’मध्ये त्या पैशाला ‘डायमंड’ म्हणतात, ‘बीजीएमआय’मध्ये ‘यूसी’. त्यांतून नवे कपडे, बंदुकीचा नवा रंग विकत घ्यायचा. खेळणाऱ्याच्या हातात प्रत्यक्ष काहीच येत नाही. काही ठिकाणी तर बंद पेटी विकत घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडायचे. मटक्याचा आकडा लावणाऱ्याला ही ओढ ओळखीची वाटेल. बेल्जियम देशाने २०१८ साली अशा पैसे देऊन घ्यायच्या पेट्यांना जुगारच ठरवले. आपला मुलगा बिघडला असे म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावे की, त्याने उठू नये याच विचाराने शिकलेसवरलेले लोक पगार घेऊन हे खेळ रचतात. बारा वर्षांचे पोर त्यांच्यापुढे एकटे बसलेले असते.

सरकारने बंदी घातली की प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली. पोरे फ्री फायरवर गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला, तेव्हा ‘फ्री फायर मॅक्स’ चालूच होता. पबजीच २०२१ साली बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये दुकानातून हटला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला. परतताना १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला ३ तासांची मर्यादा होती. पण वय विचारणारा फोन आणि उत्तर देणारा पोरगा, तर मर्यादा पाळणार कोण? शिवाय त्या बंद्या देशाच्या सुरक्षेसाठी आणि माहितीच्या चोरीच्या भीतीने घातलेल्या होत्या. आपल्या मुलाचा अभ्यास त्यांच्या विचारात नव्हता. तो विचार आपल्यालाच करावा लागणार.

मात्र एका बाबतीत आम्ही तडजोड मानत नाही. पैसे लावून खेळायची रमी, पोकर आणि तसले सारे खेळ म्हणजे खेळ नव्हेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैशाचे ऑनलाइन गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्यांची जाहिरात करणेही गुन्हा ठरवले आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, म्हणून फसलेल्याने घाबरून गप्प बसू नये. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर सायबर तक्रार करावी. आपल्या घरांना हा धडा नवा नाही. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी तरुण गृहस्थाला धन नासण्याचे जे सहा मार्ग सांगितले, त्यांत जुगार आहे. जिंकला तर वैर वाढते, हरला तर गेलेल्या पैशाचा घोर लागतो, चारचौघांत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र दूर होतात, सोयरीक जमत नाही. अडीच हजार वर्षांत फासे जाऊन फोन आला. हरणाऱ्याच्या घरची चूल तेव्हाही विझत होती, आजही विझते.

मग माझ्या मुलाला व्यसन लागले का, हे ओळखायचे कसे? रोज तासभर खेळणारा प्रत्येक मुलगा रोगी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतले आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. खेळणे कधी सुरू करावे, कधी थांबवावे यावर ताबा राहत नाही. जेवण, झोप, शाळा, मित्र या सर्वांच्या वर खेळ जाऊन बसतो. आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो. हे साधारण वर्षभर चालले आणि त्याने घर, शाळा किंवा काम यांची घडी विस्कटली, तर तो आजार समजावा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून अशा रुग्णांसाठी वेगळे उपचार केंद्र आहे. तितक्या दूर जाण्याची सर्वांना गरज नाही. १४४१६ हा शासनाचा ‘टेली मानस’ क्रमांक फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येते. पोराला अंगारा-धुपारा करण्यापेक्षा, पट्ट्याने मारण्यापेक्षा हा फोन लावावा. आणि हेही पाहावे की पोरगा खेळात पळून जातो ते कशापासून? शाळेत कोणी चिडवते का? गणित समजेनासे झाले का? घरात रोज दारूचे भांडण आहे का? तसे असेल तर फोन काढून घेतल्याने दुखणे जाणार नाही.

आता महाराष्ट्रातल्या दोन गावांकडे पाहू. आपल्याच विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी वाट धरली. तिथे रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद. मुले अभ्यासाला बसत, मोठी माणसे वाचत, बोलत. सुरुवातीला लोक कुरकुरले. सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी वॉर्डावॉर्डांत फिरून लोकांना समजावले, आणि या गावाची बातमी देशाबाहेरही गेली.

बान्सीची तळमळ आम्हांला कळते. तरी आम्हांला वडगावची वाट अधिक पटते. त्याचे कारण असे की तो भोंगा सर्वांसाठी वाजत होता. मुलाने अभ्यास करायचा आणि बापाने शेजारी खाटेवर रील पाहत पडायचे, आईने मालिका लावायची, हा न्याय मुलाला पटत नाही. तो तोंडाने बोलत नाही, पण मनात नोंद ठेवतो. शिवाय दीड तासाचा नियम पाळता येतो. पूर्ण बंदी मात्र मोडली जाते, आणि ती चोरून मोडायची सवय लागते.

बरे, खेळायचेच तर काय खेळावे? आमची पहिली शिफारस बुद्धिबळाची. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. बाजारात साधा पट स्वस्तात मिळतो. फोनवर ‘लिचेस’ हा गेम फुकट आहे, त्यात जाहिरात नाही आणि विकत घेण्यासारखे काही नाही. टेट्रिस, सुडोकू यांचे डाव आटोपशीर असतात. निवड करताना तीन प्रश्न विचारावेत. डाव संपतो का? पैसे मागतो का? हरल्यावर मुलगा हसतो की फोन आपटतो? ज्याला गेमचे फारच वेड आहे, त्याला गेम बनतो कसा हे दाखवावे. २०२० साली आलेला ‘राजी’ हा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने बनवला. चित्र काढणारा, संगीत करणारा, संगणकाची भाषा लिहिणारा अशा अनेकांना त्यात काम असते. मोठ्या स्पर्धांत खेळून पोट भरणारे फार थोडे, हेही मुलाला सांगावे.

घरासाठी आमच्या सूचना थोड्या आहेत. फोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक गेमला वेळ ठरवून देता येतो, तो द्यावा. प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावावा. पैशाच्या ॲपचा पिन मुलाला सांगू नये, आणि हे जमत नसेल तर शेजारच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरीकडून करून घ्यावे. रात्री सर्वांचे फोन एकाच ठिकाणी ठेवावेत, उशाखाली नको. आठवड्यातून एकदा मुलाजवळ बसून त्याचा गेम पाहावा. "हे काय आहे, मलाही शिकव" म्हणावे. जो बाप कधी असा बसला आहे, त्याने "आता पुरे" म्हटलेले मुलगा लवकर ऐकतो.

साखरखेर्ड्याच्या वस्तीतल्या बंधू-भगिनींना आमची विनंती आहे. भोंगा लावायला ग्रामपंचायतीच्या ठरावाची वाट पाहू नये. दहा घरांनी ठरवले तरी पुरे. संध्याकाळी ७ ते ८ फोन बंद, विहारातला दिवा लावलेला, एक सतरंजी, दोन बुद्धिबळाचे पट आणि शिकलेल्या एका मुलाने किंवा मुलीने लहानांना गणित सांगायचे. ज्यांचे मायबाप कामावरून उशिरा येतात, अशा मुलांना आधी बोलवावे. त्यांच्या हातातला फोन खाली ठेवायचा, तर त्या तासाला त्यांच्याजवळ कोणीतरी बसलेले असले पाहिजे.