भांडारात गोळ्या किती?

‘आता करण्यासारखे काही उरले नाही, घरी घेऊन जा.’ कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णाच्या नातेवाइकांना हे वाक्य रोज कुठे ना कुठे ऐकवले जाते. ते खरे नाही. गाठ जाणार नसेल. पण वेदना कमी करता येते, धाप शमवता येते, उलट्या थांबवता येतात, चिघळलेल्या जखमेची दुर्गंधीही आटोक्यात ठेवता येते. रात्र रात्र कण्हणारा माणूस चार तास सलग झोपला, तर घराला काय मिळते, हे उशाशी बसून जागलेल्यांना विचारावे.

तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच सुचवले. गोळी महाग नाही. ज्या अफूपासून ती बनते, तिची शेती आपल्याकडेच, नीमच-मंदसौरला सरकारी परवान्याने होते. तरीही भारतात वेदनाशमनासाठी लागणाऱ्या अशा औषधांपैकी जेमतेम ४ टक्केच उपलब्ध असल्याचे ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१७ मध्ये दाखवून दिले.

अडले कुठे? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले की अनेक रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने ते सुटसुटीत झाले. राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरते. कायदा बदलला, धास्ती मात्र तशीच राहिली. ‘सवय लागेल’ असे डॉक्टरही म्हणतात. वेदनेच्या प्रमाणात, देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. हमखास होतो तो बद्धकोष्ठाचा त्रास. त्यासाठी पहिल्या दिवसापासून रेचक द्यावे लागते आणि हे घरच्यांना नीट समजावून सांगावे लागते.

अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची वेदना शमवणारी सेवा महाराष्ट्राला नवी नाही : मुंबईत वांद्र्याला ‘शांती आवेदना’ हे अशा रुग्णांचे शुश्रूषागृह १९८६ मध्ये सुरू झाले. केरळमधील कोझिकोडचे असे काम त्यानंतरचे, १९९३ चे. पण केरळने शेजारपाजारच्यांना शिकवून सेवा घरोघर नेली आणि २००८ मध्ये तिचे सरकारी धोरण केले. महाराष्ट्रात ती मुख्यतः मुंबई-पुण्याभोवतीच घुटमळली. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाने गोळ्यांसाठी मुंबई गाठायची, हे आम्हाला असह्य वाटते.

राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी पुढच्या आढावा बैठकीत प्रत्येक जिल्हा शल्यचिकित्सकाला विचारावे : आज तुमच्या औषध भांडारात मॉर्फिनच्या किती गोळ्या आहेत, आणि त्या लिहून देऊ शकणारे प्रशिक्षित डॉक्टर किती? उत्तर शून्य आले, तर साठा कोणत्या तारखेपर्यंत येणार, हेही तिथेच लिहून घ्यावे.