मूल्यांकनाचेही मोल असते

कोल्हापूरच्या बाजार समितीत गुळाचा सौदा निघतो तेव्हा व्यापारी गुळाचा नुसता ढीग पाहून बोली करीत नाही. तो रव्याचा रंग पाहतो, कण पाहतो, चव घेतो आणि मगच दर बोलतो. गुजरीतील सराफही दागिना कसोटीला लावल्यावाचून आणि तराजूत घातल्यावाचून त्याचे मोल सांगत नाही. परंतु ज्या वस्तूत मध्यमवर्गीय कुटुंबाची पंचवीस-तीस वर्षांची कमाई गुंतलेली असते, त्या घराचे अथवा जमिनीचे मोल मात्र दारावरून एक फेरी मारून, दोन छायाचित्रे काढून आणि छापील नमुन्यातील रकाने भरून ठरविले जाते. कित्येकदा तेवढीही तसदी घेतली जात नाही. उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा प्रकार बहुतेकांच्या अंगवळणी पडला आहे, आणि चिंतेची बाब नेमकी हीच आहे.

प्रत्येक मूल्यांकनासाठी सारखेच श्रम घ्यावेत, असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. राजारामपुरीतील एखाद्या इमारतीत एकाच मापाच्या बारा सदनिका असतील, त्यांतील तीन गेल्या वर्षात विकल्या गेल्या असतील आणि बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र व मिळकत पत्रिका बिनचूक असेल, तर चौथ्या सदनिकेचे मोल सांगण्यास फार खटाटोप करावा लागत नाही. शिवाजी पेठेतील शंभर वर्षांच्या वाड्याची गोष्ट मात्र निराळी. त्याच्या पुढच्या सोप्यात जुना भाडेकरू असतो, मागच्या खणांत दोन चुलतभावांची कुटुंबे राहतात, मिळकत पत्रिकेवर दिवंगत आजोबांचे नाव तसेच असते आणि समोरच्या गल्लीत विकास आराखड्यातील रस्तारुंदीची रेघ आलेली असते. येथे चौरस फुटांना दराने गुणणे म्हणजे मूल्यांकन नव्हे. भाडेकरूचे हक्क, वारसांचे हिस्से, रुंदीकरणात जाणारी जागा आणि उरलेल्या जागेवर नियमानुसार होऊ शकणारे बांधकाम या साऱ्यांचा हिशेब मांडल्याशिवाय त्या वाड्याची किंमत सांगताच येत नाही. जमिनीचा प्रकार वेगळा असेल, ती देवस्थान इनामाची अथवा भोगवटादार वर्ग दोनची असेल, तर हस्तांतरणाच्या निर्बंधांचा आणखी एक पदर वाढतो. तेव्हा किती श्रम पुरेसे, हा प्रश्न मालमत्तेचे स्वरूप पाहूनच सोडवावा लागतो.

येथे काही जण शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याकडे बोट दाखवितात. तक्ता तयार आहे, मग निराळ्या मूल्यांकनाची उठाठेव कशाला, असा त्यांचा सवाल असतो. हा तक्ता मुद्रांक शुल्काची आकारणी सुलभ व्हावी म्हणून केलेला आहे. तो विभागाचा सर्वसाधारण दर सांगतो. त्या विभागातील अमुक एका घराचे मोल सांगत नाही. मुद्रांक शुल्कासाठी ठेवलेली मूळ मूल्यांची नोंदवही भूसंपादनात बाजारभाव ठरविण्याचा आधार होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जवाजी नागनाथम् प्रकरणात १९९४ साली स्पष्ट केले होते. पुढे २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मुद्रांक दराला स्थान दिले, पण तेथेही तो एकटा नाही. आसपासच्या तशाच जमिनींच्या विक्रीची सरासरी आणि संमतीने ठरलेली रक्कम यांच्याशी त्याची तुलना करून सर्वांत मोठा आकडा घ्यावा, अशी ती तरतूद आहे.

कोल्हापूरकरांना हा भेद न्यायालयाने समजावून सांगण्याची तशी गरज नाही. पंचगंगेने तो त्यांना पुरेसा शिकविला आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. एकाच रस्त्यावरील एका घराच्या तळमजल्यात आठवडाभर पाणी राहिले आणि चढावरील दुसरे घर कोरडे राहिले, असे अनेक ठिकाणी घडले. या दोन घरांचा तक्त्यातील दर एकच असला, तरी त्यांचे मोल एक कसे असेल? निळी व लाल पूररेषा कोठून जाते, जोत्याची उंची किती, भिंतीला ओल धरली आहे काय, पूर आला की वाट कोणत्या बाजूने बंद होते, हे प्रश्न जागेवर उभे राहून विचारावे लागतात. उन्हाळ्यातील एका दुपारच्या भेटीत जे दिसत नाही, ते शेजाऱ्याला विचारल्यावर दोन मिनिटांत कळते. मात्र त्यासाठी विचारावे लागते.

मालमत्तेइतकेच महत्त्व हेतूला आहे. भावाभावांनी आपसांत वाटणी करताना अंदाज घेणे वेगळे आणि कर्ज थकल्यावर घराचा लिलाव पुकारणे वेगळे. २००२ च्या सरफेसी कायद्याखालील नियमांनुसार, स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून तिचे मूल्यांकन करून घेऊन राखीव किंमत ठरवावी लागते. हा कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये दिला. ते प्रकरण याच जिल्ह्यातील मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या संदर्भातील होते. सहकारी बँकांचे जाळे जेथे गावोगाव पसरले आहे, त्या जिल्ह्यात या निर्णयाचा अर्थ साधा आहे. मूल्यांकनातील हयगयीमुळे राखीव किंमत दोन-चार लाखांनी खाली आली, तर तेवढी रक्कम कर्जदाराच्या खिशातून जाते. उलट कर्ज देताना किंमत फुगविली गेली, तर तोटा ठेवीदारांच्या माथी बसतो. ज्या मूल्यांकनावर कोणाचे छप्पर अथवा कोणाची ठेव अवलंबून आहे, त्याला अधिक श्रम लागणारच.

परंतु या श्रमांची मर्यादा ठरवायची कोणी? आज ती बहुधा शुल्क ठरविते. शुल्क कमी म्हणून भेट घाईची, अहवाल उद्याच हवा म्हणून विक्रीच्या नोंदी तपासलेल्या नाहीत, असा उलटा क्रम चालतो. अमेरिकेतील व्यावसायिक मानकांनी २००६ पासून याबाबत एक उपयुक्त नियम स्वीकारला आहे. कामाची व्याप्ती ठरविण्याची जबाबदारी मूल्यांकनकाराची. ती पुरेशी आहे काय, हे दोन कसोट्यांवर पाहायचे. अशा कामात त्याच्या समव्यावसायिकांनी काय केले असते, ही पहिली आणि असे अहवाल नेहमी वापरणाऱ्यांची रास्त अपेक्षा काय असते, ही दुसरी. ग्राहकाने घातलेल्या अटींमुळे निष्कर्षच विश्वासार्ह राहत नसेल, तर ती व्याप्ती मान्य होत नाही. आपल्याकडेही २०१७ च्या कंपनी नियमांतील आचारसंहितेने ग्राहकाच्या सोयीची मूल्यांकने करण्यास मनाई केली आहे. रिझर्व्ह बँकेने २००७ साली पन्नास कोटी वा त्याहून अधिक किमतीच्या मालमत्तांसाठी किमान दोन स्वतंत्र अहवाल घेण्याचे बँकांना सुचविले होते. म्हणजे जोखीम वाढली की श्रम वाढावेत, हे तत्त्व नवे नाही. मात्र शिक्षकाच्या वा कारकुनाच्या दृष्टीने चाळीस लाखांचे घर हेच पन्नास कोटींचे असते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

यावर आक्षेप येईल की, अधिक श्रम म्हणजे अधिक शुल्क आणि अधिक विलंब, आणि तो भार अखेर कर्जदारावरच पडणार. हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच सर्वत्र सर्व काही तपासण्याचा आग्रह धरणे चुकीचे ठरेल. पुण्यातील जमिनीच्या चिमणलाल हरगोविंददास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली मूल्य वाढविणारे आणि घटविणारे घटक तपशिलाने सांगितले. मोठ्या भूखंडाला छोट्या भूखंडांचा दर लावताना साधारण वीस ते पन्नास टक्के वजावट करावी लागते, हेही सांगितले. तरीही शेवटी न्यायालयाने ठाम सूत्र बांधून दिले नाही. व्यवहारज्ञान हाच सर्वांत भरवशाचा मार्गदर्शक मानला. व्यवहारज्ञान म्हणजे मनमानी मात्र नव्हे. वीस टक्के की पन्नास टक्के, हे ठरविताना कारण द्यावे लागते, आणि कारण देण्यासाठी जागा पाहावी लागते.

तेव्हा उपाय फारसा खर्चिक नाही. काम हाती घेण्यापूर्वीच मूल्यांकनकार व बँक यांनी व्याप्ती लेखी ठरवावी. आतून पाहणी होणार की बाहेरून, कोणती कागदपत्रे तपासणार, तुलनेसाठी कोणते व्यवहार घेणार, पूररेषा पाहणार की नाही, हे त्यात असावे. अहवालात काय पाहिले याबरोबरच काय पाहिले नाही, तेही स्पष्ट लिहावे. ज्याच्या पैशातून शुल्क वळते होते, त्या कर्जदाराला अहवालाची प्रत मागितल्याविना मिळावी. एवढे झाले तरी छापील रकाने भरून मोकळे होण्याच्या वृत्तीला बराच आळा बसेल. गुळाच्या रव्याला जी चौकसपणाची वागणूक मिळते, ती माणसाच्या घराला मिळावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.