दोन राजवटींमधले एक शेत

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांविषयी आपल्या वस्त्यांतून दोन गोष्टी नेहमी कानी येतात. पहिली इतरांनी रूढ केलेली आहे: ही लेणी पांडवांनी कोरली. तिचा प्रतिवाद करण्यात आम्ही वाचकांचा फार वेळ घेणार नाही. भिंतींवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे, त्यांची गावे आणि राजांची राज्यवर्षे कोरलेली आहेत. अर्जुन व भीमसेन यांची नावे तिथे येतात, नाही असे नाही. पण ती एका राजाच्या पराक्रमाला उपमा म्हणून, दाते म्हणून नव्हे. दुसरी गोष्ट आपल्यातलीच आहे. सातवाहन राजे बौद्ध होते म्हणून लेणी झाली, आणि तसे राजे पुन्हा आले म्हणजे धम्मालाही तसे दिवस येतील, असे पुष्कळांना मनापासून वाटते. ही समजूत प्रेमापोटी आलेली आहे, परंतु ती दस्तऐवजांच्या विरुद्ध आहे. वकिलाला प्रथम दस्तऐवज पाहावा लागतो. म्हणून आज आम्ही वाचकांना त्या भिंतींपाशी नेऊ इच्छितो.

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत हा मुलूख एका छत्राखाली नव्हता. सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल सह्याद्री चढून गोवर्धन व नाशिक या बाजारपेठांकडे येई. त्या वाटांवर कधी क्षहरात क्षत्रपांची सत्ता, तर कधी सातवाहनांची. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यात आपल्या दानांची लांबलचक यादी कोरून ठेविली आहे. तीन लक्ष गाई दिल्या, सोळा गावे देवांना व ब्राह्मणांना दिली, दरवर्षी लक्ष ब्राह्मणांना भोजन घातले, असे तो अभिमानाने सांगतो. आणि त्याच लेखात भिक्षूंसाठी हे लेणे कोरविल्याचेही सांगतो. अशा माणसाला बौद्ध म्हणावे की वैदिक? आमच्या मते हा प्रश्नच गैरलागू आहे. परक्या मुलखात राज्य टिकवू पाहणाऱ्या सत्ताधीशाचे ते दान आहे. ज्या ज्या संस्थेचा लोकांवर प्रभाव होता, त्या त्या संस्थेच्या पदरात त्याने काही ना काही घातले.

त्याच उषवदाताचे ४२व्या वर्षातले दान मात्र काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहे. त्याने ३००० कार्षापण संघासाठी ठेविले, पण भिक्षूंच्या हाती दिले नाहीत. गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ते ठेव म्हणून ठेविले: एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. लेण्यात वर्षावास करणारे भिक्षू वीस आणि प्रत्येकाला चीवरासाठी बारा कार्षापण. वीस गुणिले बारा म्हणजे बरोबर २४०! मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजाचाच उपभोग घ्यावयाचा, अशी स्पष्ट अट लेखात आहे. शिवाय हे दान निगमसभेत वाचून दाखविले व रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदविले, असेही लिहिले आहे. म्हणजे ठेव, दर, लाभार्थी, जाहीर वाचन आणि नोंदणी. आजच्या कोणत्याही विश्वस्तपत्रात याहून अधिक ते काय असते?

पुढे नहपानाचा पराभव झाला. आमच्या इगतपुरी तालुक्यातून वाहत जाणारी दारणा जिथे गोदावरीला मिळते, त्या जोगलटेंभीला १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारला होता. चांदी तीच, मुद्रा नवी. हाच व्यवहार त्याने दानाच्या बाबतीतही केला.

तिसऱ्या लेण्यातला गौतमीपुत्राचा १८व्या राज्यवर्षाचा हुकूम गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालिताला उद्देशून आहे. अपरकखडी गावातले जे शेत आजवर उषवदाताच्या भोगात होते, त्यातली २०० निवर्तने जमीन त्रिरश्मीवरील प्रव्रजितांना दिली आहे, असे राजा कळवितो. त्या शेतात सरकारी माणसाने शिरू नये, त्याला हात लावू नये, मिठासाठी ते खणू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांनी त्यात दखल देऊ नये, अशा सवलतीही तो देतो. जेत्याने जिताची जमीन घेतली आणि ती जिताच्याच आश्रितांना आपल्या नावाने दिली. संघाचे आशीर्वाद तेच राहिले. फक्त ते कोणाच्या नावे पोचावयाचे, ते बदलले.

आणि सहा वर्षांनी, २४व्या वर्षी, दुसरा हुकूम निघाला. तो अमात्य श्यामकाला आहे, आणि त्यात राजाबरोबर राजमाताही आहे. आमच्या मते त्रिरश्मीवरील सर्वांत बोलका लेख हाच. पूर्वी कखडी गावात दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, अशी कबुली त्यात आहे. म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरील राजाच्या मालकीच्या शेतापैकी १०० निवर्तने देण्यात येत आहेत. दोन्ही कखडी एकच असल्या, तर दोनशेचे शंभर झाले. पण कसणारा माणूसच जिथे नाही, तिथल्या दोनशे निवर्तनांतून भिक्षूंच्या पात्रात काय पडणार होते? युद्धाने गाव उठले होते की आणखी काही कारण होते, हे लेख सांगत नाही. भिंतीवर कोरलेला हक्क आणि हाती आलेले धान्य यांत सहा वर्षांचे अंतर पडले, एवढे मात्र तो सांगतो. महार वतनाच्या जमिनींचे कज्जे ज्या घरांनी पाहिले आहेत, त्यांना हे अंतर समजावून सांगावे लागणार नाही.

आता याच राजाचे दुसरे रूप पाहा. त्याच्या मृत्यूनंतर, पुलुमावीच्या १९व्या वर्षी, त्याची माता गौतमी बलश्री हिने तिसरे लेणे भद्रायणीय भिक्षूंना अर्पण केले आणि मुलाची प्रशस्ती कोरविली. शक, यवन व पह्लव यांचा नाश करणारा आणि क्षहरातांचा वंश निर्मूल करणारा अशी त्याची स्तुती आहे. आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबविणारा अशीही आहे. हे शब्द भिक्षूंच्या निवासाच्या भिंतीवर आहेत! ज्या तथागताने वर्ण जन्मावरून मानला नाही, त्याच्या संघाला वर्णाचा रक्षक म्हणून गौरविलेल्या राजाच्या नावे लेणे मिळाले, आणि संघाने ते स्वीकारले. भिक्षूंना दोष देण्यास आम्ही धजावत नाही. त्यांना पावसाळ्यात छप्पर हवे होते. परंतु सातवाहनांना आपले म्हणताना हा लेख वगळून वाचण्याची सोय आपल्याला नाही.

दुभंगलेल्या राज्यात सत्तेला धर्मसंस्थेची गरज अधिक लागते, हे केवळ गोवर्धनचे वैशिष्ट्य नव्हे. इसवी सनापूर्वी सुमारे १०७० नंतर इजिप्त असेच विभागले गेले. उत्तरेत तानिस येथे राजे बसले, तर दक्षिणेत थीब्स येथे आमोन देवाचे महापुजारी देवाच्या कौलाने राज्य चालवू लागले. पुढे इसवी सनापूर्वी ६५६ मध्ये साम्तिक राजाने थीब्स आपलेसे केले, तेव्हा त्याने आपली कन्या नितोक्रिस हिला तेथील 'देवपत्नी'च्या पदाची दत्तक वारसदार म्हणून पाठविले. तिच्या नावे लावून दिलेल्या जमिनींची व रोजच्या रसदीची यादी शिळेवर कोरलेली आहे. त्याआधी दक्षिणेकडून आलेल्या पिये राजाचा विजयलेख तर आपल्या वाचकांनी अवश्य जाणावा असा आहे. शरण आलेल्या राजांपैकी एकालाच त्याने राजवाड्यात घेतले. बाकीचे मासे खाणारे व सुंता न झालेले म्हणून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. राजांनाही शिवाशिव चुकली नाही, हे वाचून १९३० साली काळारामाच्या दाराशी उभ्या राहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हसू आले असते.

मात्र त्रिरश्मीवर राजांशिवाय दुसरेही हात आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंभिक गावाच्या दानाचा लेख आहे. दान साऱ्या गावाचे, एका धन्याचे नव्हे. दुसऱ्या एका लेण्यात मुगुदास नावाच्या दासकाचे दान आहे, आणि अभ्यासक दासक म्हणजे कोळी असा अर्थ करतात. उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नामक यवनाने मुलासह लेणे कोरविले. तिसऱ्या शतकात, सातवाहनही गेल्यावर, आभीर राजा ईश्वरसेनाच्या ९व्या वर्षी विष्णुदत्ता या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी पैसे ठेविले. कोणाकडे? कुंभारांच्या, तेल्यांच्या व पाणयंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणींकडे. क्षत्रप गेले, सातवाहन गेले, आभीर आले, तरी कारागिरांकडे ठेव ठेवून व्याजावर धर्मकार्य चालविण्याची रीत तीच राहिली. राजाची मुद्रा पुसता येत होती. तेल्याचा घाणा मात्र कोणीही आले तरी फिरत होता.

आपल्या काळातही सत्तेच्या कागदावर धर्माचे नाव आले आणि हक्क अडला. अनुसूचित जातींचा आदेश १९५० साली निघाला. १९५६ साली दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना त्या आदेशाखालील केंद्राच्या सवलतींस मुकावे लागले; बौद्धांचा समावेश त्यात १९९० साली झाला. चौतीस वर्षे! कखडीच्या शेताला सहाच लागली होती.

म्हणून आपल्या विहारांविषयी एक रोखठोक प्रश्न विचारावासा वाटतो. विहार ज्या जागेवर उभा आहे, ती कोणाच्या नावे आहे? कुठे ती गावठाणात असते, कुठे गायरानात, कुठे एखाद्या सज्जन उपासकाच्या सातबारावर. तो उपासक हयात आहे तोवर सर्व ठीक. त्याच्या वारसांनी विकावयाचे ठरविले, की मूर्ती हलवावी लागते. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे न्यास निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांत नोंदणीचा अर्ज करावयाचा असतो. कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून विकता येत नाही. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, ही उषवदाताची अट आज कायद्यात आहे. पण ती लागू होण्यासाठी आधी जागा न्यासाच्या नावे असावी लागते. धर्मादाय कार्यालय नाशिकला आहे, इगतपुरीहून एका दिवसात जाऊन येता येते. जाताना जागेचा उतारा, दानपत्र असल्यास ते, विश्वस्तांची नावे व पत्ते, आणि घटनेची प्रत सोबत घ्यावी. दान तोंडी झाले असेल, तर दाता हयात असेतोवर नोंदणीकृत दानपत्र करून घ्यावे.