अंदमानच्या पोटातल्या लाटा

अंदमानच्या समुद्रात पाण्याच्या पोटातून ६० मीटर उंचीच्या लाटा चालतात. वर मात्र पाणी हातभरही उचललं जात नाही. वरचं कोमट, हलकं पाणी आणि खालचं थंड, जड पाणी यांच्या सीमेवरचा हा खेळ. भरती-ओहोटीचं पाणी बेटांमधल्या बुडालेल्या डोंगररांगांवरून ओढलं गेलं की ती सीमा हेलकावते आणि ताशी सात-आठ किलोमीटरने लाटांची रांग पूर्वेकडे, थायलंड-सुमात्राच्या अंगाला निघते. साडेबारा तासांनी पुढची रांग.

मी मर्चंट नेव्हीत होतो. मलाक्काकडे जाताना, ग्रेट निकोबार मागे पडल्यावर, हे पाहिलंय. वारा ठप्प, समुद्र तेलासारखा, आकाशात ढग नाही. आणि रडारच्या पडद्यावर सरळ पट्टा, जणू पावसाची सर. जवळ गेलो तर अर्ध्या मैलाचा खवळलेल्या, आखूड लाटांचा पट्टा, चुळचुळ आवाज करत. तो ओलांडला की पुन्हा काच. कॅप्टन म्हणाले, ‘रिप्स आहेत, लॉगबुकात लिही.’ लिहिलं.

उपग्रहालाही तेवढंच दिसतं. खालच्या लाटेमुळे वरचं पाणी कुठे दाटतं, कुठे फाकतं. खडबडीत आणि गुळगुळीत पट्टे उमटतात. १९७५ मध्ये अपोलो-सोयूझच्या अंतराळवीरांनी काढलेल्या छायाचित्रांत अंदमानातले हे पट्टे आले. पण ती लाट किती उंच, हे कळलं ते ऑस्बोर्न आणि बर्च या संशोधकांना. तेलविहीर खोदणाऱ्या जहाजाजवळ त्यांनी पाण्यात यंत्रं सोडली आणि १९८० मध्ये आकडे छापले. लाटेची उंची फोटोतून नाही, दोराला बांधलेल्या यंत्रांतून मिळाली.

म्हणूनच ३० जुलै २०२५ ला ‘निसार’ हा रडार-उपग्रह उडाला तेव्हा टाळ्या वाजवूनही माझी एक तक्रार उरली. त्याचं रडार ढगातून, रात्रीही बघतं, हे खरं. पण नैऋत्य मोसमी वारा सुटला की सगळाच समुद्र खडबडीत होतो आणि पट्टे त्यात हरवतात. साधे कॅमेरे तर ढगांपुढे आंधळेच. म्हणजे ऐन पावसाळ्यात खाली काय चाललंय ते आकाशातून धड दिसणारच नाही.

खालच्या लाटांची ही माहिती कशाला हवी, असं विचारणाऱ्यांना थायलंडची सिमिलान बेटं दाखवावीत. याच लाटा तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर थंड पाणी वर आणतात आणि तापलेल्या प्रवाळांना थोडा दिलासा देतात. नौदलाला तर सांगायलाच नको. खालच्या पाण्याच्या अशा उचलीवर पाणबुडीचा तोल अवलंबून असतो.

बंगालच्या उपसागरात आपले तरंगते बॉय आहेत. पण अर्ध्या तासात निघून जाणारी लाट पकडायला मिनिटामिनिटाची नोंद लागते, तीही खोलवर, अनेक थरांत. हे काम किचकट आहे. दोर जाळ्यांत अडकतात, बॅटऱ्या बदलायला जहाज पाठवावं लागतं, आणि त्याचं थेट प्रक्षेपण कोणी करत नाही. अनुदान मागताना म्हणून ते मागे पडतं.

निकोबारच्या पूर्वेला तापमान मोजणाऱ्या यंत्रांचे चार-पाच दोर सोडा, पावसाळ्यासकट निदान दहा वर्षं ते तिथे ठेवा आणि आकडे कॉलेजातल्या पोरांना फुकट उघडे करा. पुढच्या अर्थसंकल्पात यासाठी तरतूद झाली पाहिजे.