ट्रायकोडर्माच्या उत्पादनापुढे गुणवत्तेचे आव्हान

हरभऱ्यावरील मर रोगास कारणीभूत ठरणारी फ्युजेरियम बुरशी पीक निघाल्यानंतरही सुमारे सहा वर्षे जमिनीत तग धरू शकते. अशा जमिनीत रासायनिक बुरशीनाशक सर्वत्र पोहोचविणे खर्चिक असते आणि त्याचा प्रभावही मर्यादित काळ टिकतो. त्यामुळेच ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीला कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत महत्त्वाचे स्थान मिळाले आहे. मात्र तिचे उत्पादन घेण्यापेक्षा ती शेतापर्यंत जिवंत पोहोचविणे अधिक कठीण असल्याचे दिसून येते.

ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीवर परजीवी म्हणून वाढते, हे रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले. ती रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेढा घालते, विकरांच्या साहाय्याने त्यांचे आवरण विरघळविते आणि मुळांभोवतीच्या अन्नासाठी तिच्याशी स्पर्धा करते. कोळीकोड येथील भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने मिरीच्या वेलांवरील फायटोफ्थोराजन्य रोगासाठीही तिची शिफारस केली आहे.

उत्पादनाची पद्धत तुलनेने सोपी आहे. शुद्ध वाण मळी आणि यीस्टच्या निर्जंतुक द्रावणात वाढविला जातो. त्यानंतर तो टाल्क, म्हणजेच शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळून वाळविला जातो. ज्वारीसारख्या उकडलेल्या धान्यावरही ही बुरशी वाढविता येते. तामिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार बीजप्रक्रियेसाठी एक किलो बियाण्यास ४ ग्रॅम भुकटी पुरेशी होते. जमिनीत देण्यासाठी हेक्टरी अडीच किलो भुकटी ५० किलो शेणखतात मिसळली जाते.

या जैविक उत्पादनांची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये करण्यात येते. तात्पुरत्या नोंदणीच्या तरतुदीमुळे लहान उत्पादकांनाही या क्षेत्रात येणे सुलभ झाले. नोंदणीच्या निकषांनुसार एक ग्रॅम भुकटीत किमान २० लाख जिवंत घटक असणे आवश्यक आहे. तथापि, ही संख्या कारखान्यातून माल बाहेर पडताना पूर्ण असली तरी विक्रीच्या दिवशी ती तेवढीच राहील, याची खात्री नसते. पत्र्याच्या छपराखालील गोदामात उन्हाळ्यातील उष्णतेने बीजाणू मरतात. भुकटीचा रंग वा वास यावरून शेतकऱ्यास हा फरक ओळखता येत नाही आणि पेरणी झाल्यानंतर चूक सुधारण्याची संधीही उरत नाही.

वापराच्या पद्धतीमुळेही अपेक्षाभंग होतो. ट्रायकोडर्मा हा प्रतिबंधक उपाय असून, कोमेजलेले झाड तिच्यामुळे सावरत नाही. कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकासोबत ती वापरल्यास तीच प्रथम नष्ट होते. अशा अपयशाचा दोष अनेकदा संपूर्ण जैविक पद्धतीवरच येतो आणि शेतकरी पुन्हा रसायनांकडे वळतो.

या पार्श्वभूमीवर केवळ उत्पादनाचे आकडे वाढविणे पुरेसे ठरणार नाही. नमुने कारखान्याऐवजी दुकानातून घेणे, वेष्टनावर उत्पादनाची आणि वापराच्या मुदतीची तारीख ठळकपणे छापणे आणि माल सावलीत, थंड जागी ठेवणे हे उपाय फारसे खर्चिक नाहीत. कृषी विज्ञान केंद्रांसारख्या जवळच्या ठिकाणी हंगामापूर्वी उत्पादन झाल्यास साठवणुकीचा कालावधीही कमी होईल. रासायनिक औषधाप्रमाणे महिनोन्‌महिने साठविता न येणाऱ्या या सजीव उत्पादनासाठी वितरणाची वेगळी व्यवस्था उभी राहते की नाही, यावरच शेतकऱ्यांचा त्यावरील विश्वास अवलंबून राहील.