सल्ला नोटिशीनंतर नको, आधी हवा

गोखिवऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सकाळी शिरले की गाळ्यागाळ्यातून मशिनचा आवाज येतो. कुठे प्लास्टिक मोल्डिंग, कुठे पावडर कोटिंग, कुठे लेथ, कुठे बॅगांची शिलाई. यातले कितीतरी गाळे आपल्याच समाजातले बांधव चालवतात. त्यांची मुले आमच्या वर्गात बसतात. गाळ्यातला पैसा अडकला की आधी शाळेची फी लांबते, त्यामुळे ही गोष्ट आम्हा शिक्षकांना लवकर कळते.

मागच्या वर्षी पालकसभा संपल्यावर एका विद्यार्थ्याचे अब्बा थांबले. जॉब वर्क करतात, हाताखाली पाच कारीगर. एका पार्टीकडे त्यांचे पावणेचार लाख रुपये सात महिने अडकले होते. काम चोख केले होते, पण पक्के बिल नव्हते. होत्या त्या डायरीतल्या नोंदी आणि मोबाइलवरचे 'अगले हफ्ते भेजता हूँ'. कुणाला विचारलेत का, असे आम्ही म्हटले. ते म्हणाले, "सर, सल्ल्यासाठी पैसे कुठून आणू?" तोवर कारीगरांचा पगार भागवायला त्यांनी व्याजाने पैसे उचलले होते. त्या व्याजात वर्षभराच्या सल्लागाराची फी निघाली असती.

त्यांच्या बाजूने कायदा होता, पण तो त्यांना ठाऊक नव्हता. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. आयकराचा नियमही आता 2024-25 च्या आकारणी वर्षापासून असा आहे की मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. म्हणजे मोठ्या पार्टीलाही वेळेवर पैसे देण्यात फायदा आहे. पण यासाठी दोन गोष्टी हव्यात, उद्यम नोंदणी आणि पक्के बिल. नोंदणी काम घेण्याआधीच झालेली असावी. भांडण सुरू झाल्यावर धावपळ करून फारसा उपयोग होत नाही.

नियमही सारखे बदलत आहेत. 1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा वाढून गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल 10 कोटी झाली. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. कामगार 10 झाले की ईएसआयसी, 20 झाले की पीएफ. सकाळी आठपासून रात्रीपर्यंत मशिनपाशी उभा असणारा माणूस हे सगळे एकटा कसे सांभाळणार? जीएसटीचे रिटर्न एक दिवस उशिरा गेले तरी साधारण 50 रुपये रोजचा दंड सुरू होतो. सलग सहा महिने गेले नाही तर नोंदणीच रद्द होऊ शकते, आणि मग मोठी पार्टी माल घेत नाही.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. एजंट वेगळा आणि सल्लागार वेगळा. एजंट फॉर्म भरतो, पैसे घेतो आणि निघून जातो. कित्येकदा जीएसटीच्या खात्यावर मोबाइल नंबर आणि ईमेल एजंटचाच असतो. नोटीस त्याच्याकडे जाते आणि मालकाला पत्ताच नसतो. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारवरून मोफत होते, तरी काही जण तिचेही पैसे घेतात. सल्लागार आधी तुमची वही बघतो, दर कसा काढता ते विचारतो, आणि चुकत असाल तर तोंडावर सांगतो. फी लेखी ठरवतो, पावती देतो. पासवर्ड आणि ओटीपी मात्र त्याच्याही हाती देऊन मोकळे होऊ नका.

फी परवडत नसेल तर तीन-चार गाळेवाल्यांनी मिळून एक सीए किंवा कर सल्लागार धरावा. महिन्यातून एक दुपार त्याने इस्टेटमध्ये बसावे. सरकारी मदतही आहे. जिल्हा उद्योग केंद्रात आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रात मार्गदर्शन मिळते. नवा धंदा काढणाऱ्यांसाठी पीएमईजीपी योजनेत अल्पसंख्याक विशेष गटात येतात. शहरी भागात 25 आणि ग्रामीण भागात 35 टक्के अनुदान, आणि स्वतःचे भांडवल फक्त 5 टक्के. पण प्रकल्प अहवाल कच्चा असला तर बँक फाईल परत करते. तिथेही जाणकाराची गरज लागते.

आपल्याकडे निकाह ठरवताना, घर घेताना चार वडीलधाऱ्यांचा मशवरा घेतला जातो. धंद्यात मात्र विचारणे कमीपणाचे वाटते. ज्या दीनमध्ये देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, त्याला मानणाऱ्यांनी लाखोंचा कारोबार तोंडी भरोशावर चालवावा, हे बरे नाही.

त्या पालकांनी आता उद्यम नोंदणी केली आहे. प्रत्येक कामाचे बिल बनते, कामाआधी मुदत लिहून घेतात. पावणेचार लाखांपैकी निम्मे आले, बाकीच्यासाठी झगडा चालू आहे. जुन्या पैशासाठी उशीर झाला, हे तेही मानतात. तुमच्या घरात कुणी गाळा, दुकान किंवा वर्कशॉप चालवत असेल तर आज रात्री जेवताना एवढेच विचारा: आपली नोंदणी आहे का, शेवटचे बिल कधीचे आहे, आणि जीएसटीच्या खात्यावर नंबर कोणाचा आहे? एकाचेही उत्तर देता आले नाही, तर या आठवड्यातच जाणकाराकडे जा.