जिन्यातला सिग्नल

माझी पुतणी बारावीला आहे, नीटची तयारी करते. गेल्या हिवाळ्यात रोज रात्री जेवणं झाली की ती मोबाईल घेऊन गच्चीच्या जिन्यात जाऊन बसायची. आठवडाभर कुणी काही बोलले नाही. मग एका रात्री भाईजान कडाडले, "सीढी पे बैठके किससे बाताँ करती रोज?" आतल्या खोलीत लेक्चर अडकते, जिन्यात नीट चालते, असे तिने सांगितले. कुणाचा विश्वास बसला नाही. बैठकीत अब्बांच्या फोनवर वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसत होत्या ना! तिचा मोबाईल काढून घ्यायचे जवळजवळ ठरले होते.

मी तेव्हा पुण्याहून चार दिवसांसाठी घरी आलो होतो. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि त्यात वेव्हमॉन नावाचा एक छोटा, मोफत प्रोग्राम आहे. तो टर्मिनलमध्ये, म्हणजे त्या काळ्या पडद्यावर चालतो. चित्र नाही, जाहिरात नाही. राउटरकडून लॅपटॉपपर्यंत सिग्नल किती पोहोचतोय, एवढे तो आकड्यात सांगत राहतो आणि तुम्ही चालाल तसा आकडा बदलतो. एफ-2 दाबले की त्याचा आलेख सरकत जातो.

हा आकडा डीबीएममध्ये असतो आणि तो उणे असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. साधारण उणे 67 पर्यंत व्हिडिओ विनासायास चालतो, उणे 80 च्या खाली गेले की जोडणी असून नसल्यासारखी. हे माप सरळ पट्टीसारखे नाही. दर 10 आकड्यांना ताकद दहापट बदलते. फोनवरच्या काड्यांना मात्र असा ठरलेला अर्थ नाही. कोणत्या आकड्याला किती काड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारा आपल्या मनाने ठरवतो.

लॅपटॉप हातावर घेऊन मी घरभर फिरलो. बैठकीत उणे 41. जिन्यात उणे 62. आतल्या खोलीत, जिथे पुतणीचे टेबल आहे, तिथे उणे 81. म्हणजे बैठकीच्या तुलनेत दहा हजारावा भाग. मधे दीड-दोन फुटांची दगडी भिंत आणि तिला टेकून अम्मीचे लोखंडी कपाट. जिना बैठकीच्या खिडकीसमोर पडतो, म्हणून तिथे आतल्यापेक्षा सुमारे 80 पट जास्त सिग्नल मिळत होता. पोरगी अक्षरश: खरे बोलत होती.

भाईजानांनी आकडे पाहिले आणि गप्प बसले. पण मला त्यात समाधान वाटले नाही. तिने सांगितलेले पुरेसे नव्हते, काकाचा लॅपटॉप आल्यावरच ते खरे ठरले. आणि समजा जिन्यात सिग्नल नसता, ती नुसती मैत्रिणीशी बोलत असती, तर?

मुळात राउटर बैठकीत का होता, हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नव्हता. जोडणी करायला आलेल्या पोराने "कुठे लावू?" म्हटल्यावर पुरुषांनी समोरची भिंत दाखवली. पाहुण्यांना दिसते, टीव्ही तिथेच आहे. घरात सर्वांत जास्त वेळ असणारी माणसे, अम्मी, भाभी आणि ही मुलगी, त्या भिंतीच्या पलीकडे. हे फक्त आमच्याच घरांचे आहे असे नाही. वाड्यांमध्येही ओसरी कुणाची आणि माजघर कुणाचे, हे ठरलेलेच होते. नवी वस्तू घरात येते तेव्हा जुन्या नकाशावरच बसवली जाते.

दरम्यान भाईजानांनी 40 चा प्लॅन बदलून 100 चा घेतला होता. तक्रार केल्यावर माणूस आला, राउटरशेजारी उभा राहून मोजले आणि "फुल येतंय" म्हणून गेला. खोटे नव्हते. पण रस्त्यावरून घरात येणारा वेग आणि घरातल्या हवेतून खोलीपर्यंत पोहोचणारा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या दुखण्यावर पहिल्याचे औषध म्हणून दरमहा जादा पैसे जात होते.

वेव्हमॉनमध्ये एफ-3 दाबल्यावर आसपासची सगळी नेटवर्क दिसतात. त्यासाठी प्रोग्राम सुडो लावून सुरू करावा लागतो. आमच्या गल्लीत 19 निघाली. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात 2005 पासून विनापरवाना आहे, त्यामुळे दाट वस्तीत तिथे बाजार भरलेला असतो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. आम्ही बहुतेक शेजाऱ्यांसोबत 6 वर होतो, 11 वर गेलो. बाहेर ओट्यावर बसून हे बघत होतो, तर फुफी म्हणाल्या, "बेटा, आत जा. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि तुझी ही दाढी. कुणी फोटो काढला तर काय सांगशील?" राउटर स्वत:हून ओरडून सांगतात तेवढेच यात दिसते, कुणाचे मेसेज वाचता येत नाहीत, हे मी त्यांना समजावले. तरी आत गेलो. त्यांचे चुकले असे म्हणवत नाही.

दहा मीटर केबल आणून राउटर बैठक आणि आतल्या खोलीमधल्या दाराच्या चौकटीवर लावला. वायर भिंतीवरून दिसते, अब्बांना ती आवडलेली नाही. आतल्या खोलीत आता उणे 58. बैठकीत 41 वरून 52 वर आले. "माझं कमी केलंस," असे अब्बा म्हणाले. त्यांच्या बातम्या पूर्वीसारख्याच चालतात, तरी आकडा त्यांच्या लक्षात राहिला आहे. प्लॅन पुन्हा 40 चा केला.

शेजारच्या खालाजानची मुलगी नर्सिंगला आहे. तीही संध्याकाळी दारात उभी राहून अभ्यास करते म्हणे. पुढच्या शुक्रवारी, जुम्म्यानंतर लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जायचे आहे.